डावे पान

हळबे सरांच्या वर्गात वहीचे फक्त उजवे पान लिहिण्यासाठी असे. डावे पान कबुलीसाठी. उजवीकडे जे वाक्य उतरेल त्याच्यासमोर, डावीकडे, एक अक्षर मांडायचे. स्वतः पाहिले असेल तर ‘पा’, कोणाकडून ऐकले असेल तर ‘ऐ’ आणि पुढे त्या माणसाचे नाव, आणि मनाने रचले असेल तर ‘र’. रचण्याला सरांची बंदी नव्हती. ‘र’ लिहिताना हात आखडू नका, एवढेच ते सांगत. गिरगावातल्या त्या कॉलेजात शनिवारी दुपारी भरणारा हा गद्यलेखनाचा वर्ग परीक्षेला धरला जात नसे. तरी नऊजण येत, आणि त्या नवांत लालबागच्या चाळीतून पायी येणारा चंद्रकांत हा एकटाच असा होता, की ज्याची डावी पाने पहिल्या सहा महिन्यांत नुसत्या ‘र’ने भरून गेली होती.

त्याचे त्याला काही वाटत नसे. शहरावर काजळीचे पंख मिटून बसलेला अंधार, गजांच्या सावल्यांत चिरफाळलेले चांदणे, स्वतःच्याच पावलांना परका झालेला कोणी एक ‘मी’ : नव्या कवितेने त्याच्यात जे जे पेरले होते ते सारे त्याच्या गद्यात तणासारखे माजले होते. सरांनी एकदा त्याची वही परत करताना खाली लिहिले होते, ‘सुंदर आहे. तुमच्या चाळीत नळाला पाणी किती वाजता येते?’ त्याला राग आला होता. पाणी पहाटे चारला येई आणि त्याची आई ते भरी. त्याचा साहित्याशी काय संबंध, हे त्याला कळले नव्हते.

लाज वाटायला फार पुढे सुरुवात झाली, आणि ती झाली वहीतल्या पहिल्याच ‘ऐ’पासून.

गुणाजी त्याच्याच मजल्यावर राहत असे. चंद्रकांतहून, म्हणजे चाळीतल्या चंदूहून, दोन वर्षांनी मोठा; गिरणीत साचेखात्यात, जिथे माग चालतात तिथे, गैरहजर कामगाराच्या जागी, बदलीवर जाई. लहानपणापासून त्याची जीभ अडखळे. साच्यांच्या खडखडाटात कोणालाच कोणाचे ऐकू येत नाही, सगळा कारभार ओठांच्या हालचालींवर आणि हातवाऱ्यांवर चालतो, त्यामुळे दिवसाचे आठ तास गुणाजी इतरांइतकाच बोलका असे. भोंगा झाला आणि तो रस्त्यावर आला की पुन्हा मुका. त्याचे वाक्य सुरू होई, पहिल्या अक्षरावर खिळे, आणि समोरचा ते आपल्या परीने पुरे करून टाकी. या कामात चंदूचा हात धरणारे चाळीत कोणी नव्हते. गुणाजीने ‘मा–मा–’ म्हणावे आणि चंदूने ‘माचिस ना? घे’ म्हणून काडेपेटी पुढे करावी. कधी त्याला काडेपेटी नको असे. मासळीवाली आली आहे एवढेच सांगायचे असे. तरी तो तोंड मिटून मान डोलवी आणि काडेपेटी खिशात टाकी. समोरच्याने एवढी तसदी घेतली, त्याला खोटे कशाला पाडा, असा त्याचा स्वभाव होता.

जानेवारीत शहर पेटले. मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवण्याची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्यांवर दगड, अश्रुधूर आणि गोळ्या यांच्याखेरीज काही उरले नाही. चंदू त्या दिवसांत दार लोटून खोलीत बसून होता. आपण एक दीर्घकविता लिहीत आहोत, असे त्याने आईला सांगितले होते. चौथ्या दिवशी थोडी शांतता झाली. चिंचपोकळीच्या बाजूची पिठाची चक्की तासभर उघडणार असल्याची बातमी आली, तेव्हा गुणाजीच्या आईने, रखमाकाकीने, तांदळाचा पत्र्याचा डबा लेकाच्या हातात दिला. डब्यावर त्याचे आणि चाळीचे नाव होते. ते चंदूनेच लाल रंगात रंगवले होते. डबा खांद्यावर घेऊन गुणाजी चंदूच्या दारात थांबला.

“च–च–चल…”

“चहा नको रे मला,” चंदू पाठ न वळवता म्हणाला. “लिहितोय.”

गुणाजीने नेहमीप्रमाणे मान डोलवली असावी. चंदूने पाहिले नाही. पण तो ‘चल’ म्हणत होता हे चंदूला त्या क्षणी नीट कळले होते. रस्त्यावर एकट्याने जायला त्याला भीती वाटत होती, आणि चंदूला दुकट्याने जायलाही वाटत होती. म्हणून त्याने ते वाक्य, आयुष्यात पहिल्यांदाच, जाणूनबुजून चुकीचे पुरे केले.

दीड तासाने गुणाजी गोळी लागून गेल्याची बातमी आली. दळणाचा डबा कोणा परक्याने संध्याकाळी चाळीत आणून पोहोचवला.

नाक्यावर मंडळाचा एक काळा फळा होता. सभा, संप, वर्गणी, मयत, चाळीच्या जगण्यातले सारे त्यावर खडूने लिहिले जाई आणि अक्षर चांगले म्हणून ते काम चंदूकडे असे. तिसऱ्या दिवशी मंडळाचे रामजी त्याला म्हणाले की, बाबा, नुसते ‘दुःखद निधन’ नको. आपला पोरगा हुतात्मा झाला आहे, तसे काहीतरी लिही. चंदूने खडू उचलला. नाव लिहिले, वय लिहिले. मग त्याच्या हाताला ती जुनी सवय आठवली. गुणाजीचे एक वाक्य अर्धे राहिले होते, ते त्याने पुरे केले:

‘माझ्या रक्ताने या शहराच्या उंबऱ्यावर महाराष्ट्राचे नाव लिहा! – हुतात्मा गुणाजी यांचे अखेरचे शब्द.’

लोक थबकून वाचू लागले. काहींनी टोप्या काढल्या. दोन दिवसांत तेच वाक्य गिरणीच्या भिंतीवर डांबराने रंगवले गेले, शोकसभेत तीन वक्त्यांनी म्हटले. चंदू सभेत मागे उभा होता. आपण लिहिलेले शब्द हजार माणसांच्या तोंडून परत येताना ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. ते दुःख नव्हते. ते काय होते, हे नाव घेऊन सांगायला त्याला पुढे बरेच दिवस लागले.

सभेनंतर रखमाकाकी त्याच्यापाशी आली. तिला वाचता येत नव्हते; फळ्यावरचे तिने दुसऱ्याकडून वाचून घेतले होते. ती रडत नव्हती. तिने हळूच विचारले, जणू एखाद्या वस्तूची किंमत विचारावी.

“तू होतंस थंय?”

“होतो तिथे,” चंदू म्हणाला. हजार माणसांसमोर नाही म्हणणे त्याला शक्य झाले नाही, असे तो पुढे स्वतःला सांगत राहिला. वास्तविक त्या कोपऱ्यात त्या वेळी ती दोघेच होती.

“माझो झील एका दमात बोललो? खंयच अडाकलो नाय?”

“नाही, काकी. एका दमात बोलला.”

मग त्या साठीच्या बाईने वाकून चंदूच्या पायांना हात लावला. तिच्या मुलाचे सुटलेले बोल ज्याच्या कानांनी ऐकले, त्याच्या पायांना. चंदू मागे सरकला नाही.

फेब्रुवारीत कॉलेज पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याने सरांच्या वर्गासाठी गुणाजीवर पाच पाने लिहिली. काजळीचे पंख या वेळी नव्हते. साचेखाते होते, काडेपेटी होती, लाल अक्षरांचा डबा होता आणि डाव्या पानावर ‘पा’, ‘पा’, ‘पा’ अशी रांग लागली होती. असे त्याने पूर्वी कधी लिहिले नव्हते, आणि आपण चांगले लिहिले आहे हे त्याला कळत होते. शेवटी ते वाक्य आले. त्याच्यासमोर ‘र’ लिहायला खडूएवढेही बळ लागले नसते. त्याने ‘ऐ’ लिहिले.

सर लेख स्वतः वाचून दाखवीत, लेखकाचे नाव न सांगता. वाचून झाल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने पदराने डोळे टिपले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“शेवटच्या वाक्यापर्यंत मी या मुलाबरोबर चालत होतो,” ते म्हणाले. “तिथे तो मला सोडून गेला. मरणारा माणूस ‘लिहा’ म्हणतो. कुणाला सांगतोय तो?”

वही परत करताना त्यांनी शेवटच्या डाव्या पानावर बोट ठेवले. “‘ऐ’च्या पुढे नाव राहिलंय.” पुढच्या शनिवारपर्यंत भरतो, असे चंदू म्हणाला. सरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. त्या नजरेत संशय नव्हता. ते त्याला अधिक जड गेले.

नाव शोधण्यासाठी तो दुसऱ्या दिवशी चिंचपोकळीला गेला. गुणाजी काहीतरी बोलला असेलच. एखादा शब्द जरी कोणी ऐकला असेल, तरी त्यावर आपले वाक्य उभे करता येईल, अशी त्याची आशा होती. म्हणजे तो सत्य शोधायला गेला नव्हता, आपल्या खोट्याला टेकू शोधायला गेला होता. चक्कीवाल्याने हात झटकले. त्याने दार आतून लावून घेतले होते. चक्कीसमोरच्या कोपऱ्यावर गंगुबाई नावाची कोळीण पाटी घेऊन बसे. चंदूने विचारले तशी तिने बोंबलांवरच्या माश्या वारता वारता त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

“पेपरवाला हायस?”

नाही, त्याचा मित्र, असे चंदू म्हणाला.

मग तिने सांगितले. गडबड झाली तशी सगळे पळाले. ती पाटी टाकून भिंतीला चिकटली. हा एकटा पळत नव्हता. खांद्यावर भरलेला डबा, पळणार कसा? गोळी लागली तेव्हा तो पडला नाही. आधी गुडघ्यांवर बसला. डबा दोन्ही हातांनी खांद्यावरून उतरवला, खाली सरळ ठेवला, झाकण दाबून पाहिले. मग डब्याला टेकून बसला. डबा तिनेच नंतर त्यावरचे नाव कोणाकडून तरी वाचून घेऊन एकाबरोबर पाठवून दिला होता.

“आणि बोलला काय?”

“काय पन बोलला नाय.”

“काहीतरी बोलला असेल, मावशी. आठवून बघा.”

गंगुबाईने माश्या वारायचे थांबवले. “मरनारा मानूस काय भाषन करतो रं? डबा ठेवला. बसला. माझ्याकडं बघत होता. मी पन बघत होती. तवर संपला.”

चंदू लालबागपर्यंत कसा आला हे त्याला आठवले नाही. झाकण दाबून पाहिले, हे तीन शब्द त्याच्या डोक्यात एखाद्या थेंबासारखे पडत राहिले. ते त्याला दहा जन्मांत रचता आले नसते. त्याच्या वाक्यात सारे शहर होते, रक्त होते, उंबरा होता, फक्त गुणाजी नव्हता. आणि या तीन शब्दांत तो सगळाच्या सगळा होता, आईचे पीठ सांडेल म्हणून जपणारा. त्याला वाटले, मी त्याची अखेरची वेळसुद्धा त्याच्याकडून काढून घेतली आणि त्या जागी स्वतः जाऊन बसलो.

जिन्यात रखमाकाकी भेटली आणि त्याला घरात बोलवून घेऊन गेली. खोलीत गाठोडे बांधलेले होते. शिमगा जवळ आला होता. उद्या सकाळच्या बोटीने ती गावी जायला निघाली होती. दळणाचा डबा कोपऱ्यात तसाच होता, न उघडलेला. तिने पदराची गाठ सोडली आणि तळहात पुढे केला. तळहातावर चांदीची एक लहानशी जीभ होती.

गुणाजी पाच वर्षांचा झाला तरी नीट बोलेना, तेव्हा तिने गावच्या सातेरीला नवस बोलला होता : लेकाची जीभ सुटू दे, तुला चांदीची जीभ वाहीन. वीस वर्षे देवीने ऐकले नाही. आता शेवटच्या घटकेला का होईना, ऐकले. नवस राहिला तर लेकाच्या जिवाला पुढे थारा मिळणार नाही, म्हणून तिने सोनाराकडून ती घडवून आणली होती. चंदूने चांदी कुठली, असे विचारले. काहीतरी विचारायचे म्हणून. गुणाजीच्या बारशाचे वाळे होते, ते मोडले, असे ती म्हणाली. अजून ती त्या जिभेवरून अंगठा फिरवीत होती, तान्ह्या पायावरून फिरवावा तसा.

गप्प राहणे सोपे होते. ती बोटीत बसली असती, देवीसमोर उभी राहिली असती, समाधानाने परत आली असती. तिचे सुख मोडण्याचा तुला काय अधिकार, असा एक अत्यंत सभ्य, सुशिक्षित आवाज चंदूच्या आत बोलू लागला. त्या आवाजाची भाषा त्याला ओळखीची वाटली. फळ्यावरचे वाक्य त्याच भाषेत होते.

“काकी,” तो म्हणाला, “गुणाजी तसं बोलला नाही. ते मी रचलं. मी तिथं नव्हतोच.”

तिचा अंगठा थांबला. चंदू बोलत राहिला. गुणाजी दारात आला होता, ‘चल’ म्हणाला होता, आपण चहाचे निमित्त करून त्याला परतवले, हेही त्याने सांगितले. ते सांगायचे त्याने ठरवले नव्हते. खालच्या मजल्यावर कोणाचे तरी मूल पाढे म्हणत होते.

“मगे कोण होता थंय?” शेवटी तिने विचारले.

त्याने गंगुबाईचे नाव सांगितले आणि डब्याचे सांगितले, जसे ऐकले तसे, एक शब्द इकडे तिकडे न करता. काकी उठली. कोपऱ्यातला डबा तिने ओढला आणि दोन्ही हातांनी झाकण उघडले. पिठाला जाळी धरली होती, पण ते काठोकाठ होते.

“मी म्हणी, पडलो तर पीठ सांडला कसा नाय,” ती स्वतःशीच म्हणाली. तिने झाकण परत लावले, दाबून. मग तळहातावरच्या चांदीकडे पाहिले. “ह्येचे आता परत वाळे होवचे नाय.”

तिने त्याला शिवी दिली असती तर ती त्याने प्रसादासारखी घेतली असती. ती फक्त म्हणाली, “मी तुझ्या पाया पडलंय रे.” आणि थोड्या वेळाने, जीभ पुन्हा पदरात बांधताना, “फळ्यार लिवलेलंस ना? मगे फळ्यारच पूस. मी जाऊच्या आधी.”

सकाळी सातच्या भोंग्याला नाक्यावर पाळी बदलणाऱ्यांची गर्दी असते. मंडळाने महिनाभर पुसू न दिलेला फळा चंदूने ओल्या फडक्याने पुसला आणि लिहायला घेतले. रामजी धावत आले. त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि त्याचा हात धरला.

“अरे शहाण्या, अख्ख्या लालबागला पाठ झालंय ते. आता कुणाकुणाच्या तोंडातून काढणार आहेस? चळवळीचं नुकसान करतोस तू.”

रामजी वाईट माणूस नव्हते. त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होते. चंदूने हात सोडवून घेतला. त्याने उरलेल्या ओळी लिहिल्या. अक्षर चांगले आले नाही.

रखमाकाकी गाठोडे घेऊन फळ्याखाली उभी होती. “वाच,” ती म्हणाली.

चंदू वाचू लागला. माणसे जमली. “या फळ्यावर गुणाजीचे अखेरचे शब्द म्हणून जे लिहिले होते, ते त्याचे नव्हते. ते मी…” आणि तिथे तो अडखळला. शब्द समोर, त्याच्याच अक्षरात, खडूने लिहिलेला होता, तरी ओठ ‘र’वर येऊन थांबत होते. गर्दी थांबली. मग कोणीतरी, बहुधा त्याची कीव येऊन, मागून त्याचे वाक्य पुरे केले : ऐकून लिहिले होते, हो ना रे, दुसऱ्या कुणाकडून ऐकून? दोन-तीन माणसांनी माना डोलवल्या. रामजींनीही डोलवली. नुसती मान हलवली असती तर सारे सुटले असते. आयुष्यभर गुणाजी अशा किती वाक्यांना मान डोलवीत गेला असेल, हे चंदूला त्या क्षणी मानेच्या शिरेत जाणवले.

त्याने मान हलवली नाही. “नाही,” तो म्हणाला, आणि थोडे मागे जाऊन पुन्हा वाचू लागला.

“ते त्याचे नव्हते. ते मी रचले होते. मी तेथे नव्हतो, घरी होतो. तो काही बोलला नाही, असे गंगुबाई सांगतात, त्या तेथे होत्या. त्याने दळणाचा डबा दोन्ही हातांनी खाली सरळ ठेवला. झाकण दाबून पाहिले. पीठ सांडले नाही.”

कोणी टोपी काढली नाही. एकजण जवळच थुंकला आणि निघून गेला. कामाला उशीर होत होता, तशी गर्दी पांगली. रामजी ओले फडके हातात घेऊन वाट पाहत उभे राहिले. काकी गेल्यावर ते फळा पुसणार हे दिसत होते. काकीने गाठोडे काखेत सरकवले. वाचता न येणाऱ्या त्या अक्षरांकडे ती वर पाहत होती.

“पीठ सांडला नाय, ता लिवलंस?”

“लिहिलंय, काकी. शेवटी.”

“ता परत वाच.”

चंदूने वाचले.